भिंगरीची मापं

३ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच. ते वर लिहिले की तू पुढचं घाईघाईनं वाचतेस, म्हणून या वेळी शेवटी लिहीन.

शिलाईघरातल्या सत्तावीस मुलांची मापं परवा आली. कापडही आलं. माझं लांबलचक टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं झालंय आणि चौथ्या मजल्यावर ऊन सरळ आत येतं, त्यामुळे खोलीत वावरताना दुधात चालल्यासारखं वाटतं. कपड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कटर होते, पण इतकं सुख तिथे कधी लागलं नाही. तुझा नवरा गेला तेव्हा मला येता आलं नव्हतं. त्याची चुलत आत्या असून मी एवढंच करू शकले, की ओळख काढून तुला संस्थेच्या शिलाईघरात चिकटवलं. तुझ्यासारख्या चौदा जणी तिथे शिवतात, राहायला खोली मिळते, पोरांना शाळा मिळते, आणि त्या पोरांचे गणवेश मी इथे बसून बेतते. यातलं एकही मूल मी पाहिलेलं नाही. तुझी लेकसुद्धा नाही. पण दुपारी जेवून टेबलाच्या कडेला डोकं टेकलं की सगळी दिसतात. कापलेल्या तुकड्यांतून एकेक जण हात घालून उठतं, खांदे उडवतं आणि चालायला लागतं. डावा खांदा उतरता आहे तो मुलगा सगळ्यांत पुढे. एक गोलमटोल आहे, त्याची कंबर मला दर वेळी दोनदा वाचावी लागते.

आता मुद्द्याचं. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान आहे. तुझ्या भिंगरीच्या पानावर या यादीसकट सात याद्यांची मापं आहेत. दर सहा महिन्यांनी उंची सव्वा इंच जास्त, छाती अर्धा इंच, खांदा पाव इंच. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. अगं, मुलं अशी वाढत नाहीत. आधी नुसते पाय पळतात आणि वरचं अंग मागे राहतं. मग वर्षभर काहीच होत नाही. मग एका आजारपणातून उठली की एकदम दोन इंच. तुमच्याकडे ही मापं कोण घेतं, आणि डोळे मिटून घेतं का? टेप धरून नीट घे आणि पुन्हा पाठव. तोवर तिचा फ्रॉक कापत नाही.

आता आशीर्वाद.

आत्या

११ जानेवारी

आत्याबाई,

वाकून नमस्कार. तुमचे आशीर्वाद शेवटी असले तरी मी आधी तेच शोधते.

मापं पुन्हा घेतली. तीच आली. उंची साडेएकोणपन्नास इंच. ती मुळातच शिस्तीची आहे, वाढतेही शिस्तीत, त्याला मी काय करू?

तुम्ही तिला पाहिलेलं नाही म्हणून सांगते. दुपारी आमची मशिनं थांबतात तेव्हा आम्ही सगळ्या जणी कापडाच्या ढिगावर वीसेक मिनिटं डोकं टेकतो. खोलीभर कापसाची लव तरंगत असते. त्या वेळी ती शाळेतून येते. दारात चपला काढते, एकावर एक ठेवते. मग खिडकीपाशी उभी राहते आणि उन्हात तरंगणारी लव ओंजळीत धरते. केस आता मानेच्या खाली आले आहेत. डाव्या भुवईपाशी लहानपणी पडलेली खूण होती ती आता फिकट झाली आहे, मान वळवली तरच दिसते. दात पडले होते तेही आले, पुढचे दोन जरा मोठे आहेत. मी अर्धवट डोळे उघडून पाहत राहते. मशिनं पुन्हा सुरू झाली की ती बाहेर खेळायला जाते.

आमच्या यादीबाई या वर्षी फार कडक झाल्या आहेत. संस्थेच्या कार्यालयातून त्या याद्या घेऊन येतात म्हणून सगळ्या त्यांना यादीबाई म्हणतात, त्यांनाही ते ठाऊक आहे. दर वर्षी कपडे आम्हीच घेऊन जायचो. या वर्षी पंधरा एप्रिलला प्रत्येक मुलानं नवा गणवेश घालून त्यांच्यासमोर स्वतः उभं राहायचं, असं त्यांनी सांगितलंय. म्हणून तुम्ही फ्रॉक लवकर कापा.

तुमची

सूनबाई

२० जानेवारी

सूनबाई,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना झोप लागली. रागावू नकोस, ती चांगली झोप होती. उन्हात लव धरणारी पोर दिसली. मी तिला विचारलं, काय गं, धरून काय करणार? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

जाग आल्यावर वाटलं, ही बोलत का नाही? म्हणून पत्र पुन्हा काढलं. तुझ्या पत्रात भिंगरी येते, चपला काढते, खिडकीशी उभी राहते, जाते. एक अक्षर बोलत नाही. आठ वर्षांची पोर शाळेतून येते आणि आईला काही सांगत नाही, कुणाची तक्रार नाही, काही हवं नाही? आमच्या खालच्या मजल्यावर त्या वयाची एक आहे, ती तर जिन्यातूनच बोलत येते आणि घरात शिरेपर्यंत निम्मी गोष्ट संपलेली असते. पुढच्या पत्रात ती काय बोलते ते लिही. म्हातारीची हौस समज.

फ्रॉक कापते. आणखी एक काम आहे. इथे एक बूट शिवणारे म्हातारबा आहेत, माझ्यासारखेच निवृत्त आणि माझ्यासारखेच रिकामे बसवत नाही असे. तुमच्या सत्तावीसही मुलांना ते बूट करून देणार आहेत. आकडा त्यांना नको, पाऊल हवं. प्रत्येक मुलाला कागदावर उभं करायचं आणि पेन्सिल पायाभोवती फिरवायची. दोन्ही पावलं. महिनाअखेर पाठवा.

आत्या

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

पावलं आली. टेबलावर मांडली तर चालत निघाल्यासारखी दिसतात. उतरत्या खांद्याच्या मुलाचा डावा पाय थोडा आत वळतो, हे आत्ता कळलं. कुणीतरी गुदगुल्या झाल्या म्हणून पाय हलवला आहे, त्याला सहा बोटं आलीत.

सव्वीस मुलांची आहेत. भिंगरीची नाहीत. फ्रॉक कापून तयार आहे, तो मी पाठवलेला नाही.

मला लिही. काय आहे ते लिही.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्याबाई,

नमस्कार लिहायची लाज वाटते, पण करते.

पावलं काढायला मी बसले होते. शेजारच्या खोलीतली मुलगी आठ वर्षांचीच आहे. तिला कागदावर उभं केलं. एका पायाभोवती पेन्सिल फिरवलीसुद्धा. अंगठ्यापाशी आले आणि हात पुढे जाईना. ते पाऊल दुसऱ्याच मुलीचं होतं. तिला म्हटलं, जा खेळ. कागद फाडला. आकडे मनानं लिहिता येतात आत्याबाई, पाऊल मनानं काढता येत नाही.

भिंगरी माझ्याजवळ नाही. तीन वर्षं नाही. ती तुमच्या थोरल्या पुतण्याकडे आहे.

हे गेले तेव्हा घरमालकानं महिन्यात जागा सोडायला लावली आणि मी तापानं पडले होते. भाऊजी म्हणाले, पोरीला तात्पुरती आम्ही नेतो, तू आधी पायावर उभी राहा. त्यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. मग तुमच्या ओळखीनं शिलाईघर मिळालं. इथला नियम असा की मूल जवळ असलेल्या बाईलाच खोली आणि मुलाला शाळा. मला वाटलं, आठ दिवसांत आणते, म्हणून नाव लिहून टाकलं. पहिली मापं खरी होती, तिच्या जुन्या फ्रॉकवरून घेतलेली. उंची बेचाळीस इंच.

आठव्या दिवशी मी गेलेही होते. फाटकाशी पोचले तर अंगणात ती होती. जाऊबाईंची जुळी पोरं रांगत होती. भिंगरी पडली, गुडघा फुटला, आणि ती 'आई' म्हणून ओरडत घरात पळाली. जाऊबाईंनी तिला उचललं. तिनं त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. मी फाटक उघडलं नाही. तशीच परत आले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर दर वेळी म्हटलं, पुढच्या महिन्यात जाईन. जितका उशीर झाला तितकं जाणं अवघड झालं. ती मला ओळखणार नाही, मी हात पुढे केला तर मागे सरेल, हेच डोळ्यांसमोर येतं. आणि नाव काढलं तर खोली जाईल, खोली गेली तर तिला आणणार कुठे? म्हणून मापं लिहीत राहिले. इथल्या बाकीच्या जणींना ठाऊक आहे, पण माझी खोली जाऊ नये म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत. टेप हवेत धरते. ती समोर उभी आहे असं समजते, इतकी असेल, आता इतकी असेल. तुम्ही कापलेले फ्रॉक शिवून पेटीत ठेवते. सगळे आहेत, एकही कुणाला दिला नाही. दुपारी डोकं टेकलं की ती खिडकीपाशी येते हे मात्र खोटं नाही. खरंच येते. बोलत नाही, कारण तिचा आताचा आवाज मला माहीत नाही.

तुम्ही यादीबाईंना कळवा. मी दोष देणार नाही.

सूनबाई

२६ फेब्रुवारी

सूनबाई,

दोन दिवस मी तुला मनातल्या मनात इतकं बोलले आहे की आता कागदावर थोडंच उरलंय.

खोटी मापं लिहिलीस याचा राग आहे. कटरला खोटं माप देणं म्हणजे आंधळ्याला रस्त्यात ढकलणं. पण त्याहून जास्त राग माझा मलाच आला. चाळीस वर्षांच्या हाताला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं, मला तीन लागली. आणि सहा फ्रॉक कापताना मी एकदाही म्हटलं नाही, की तिचा एक फोटो तरी पाठव. मलासुद्धा टेबलावरची पोर पुरत होती. आपण दोघींनी मिळून एक मुलगी वाढवली, सूनबाई, आणि खरी तिकडे वेगळीच वाढतेय.

यादीबाईंना मी कळवणार नाही. ते तू सांगायचं, तुझ्या तोंडानं, पण आत्ता नाही. आधी मी थोरल्याकडे जाते. त्याच्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवलं म्हणून सोळा वर्षं मी त्या घराचा उंबरा चढलेले नाही. आता चढते. त्याला काय वाटायचं ते वाटो.

पोर सुखात असेल, तिला यायचं नसेल, तर ते मी तुला तसंच्या तसं लिहीन. गोड करून लिहिणार नाही. तेवढी तयारी ठेव.

आत्या

९ मार्च

सूनबाई,

थोरल्याच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. बसनं माझी हाडं सुटी करून ठेवली आहेत, ती गोळा करण्यात एक दिवस गेला. तिसरा दिवस आहे आज.

आधी थोरल्याचं सांगते. मला बघून तो इतका गडबडला की दोन खुर्च्या आणल्या, दोन्ही माझ्यासाठी. विषय काढला तर मान खाली घालून म्हणाला, "आत्या, तिनं कधी मागितलीच नाही पोर. आम्हाला वाटलं तिला नकोय. मग पोरीला काय सांगायचं?" तुझी जाऊ वाईट नाही. दमलेली आहे. जुळी आता चार वर्षांची आहेत आणि दोघं दोन दिशांना पळतात. भिंगरी त्यांच्यामागे पळते. पाणी आणते, भांडी घासते, सगळ्यांच्या पाठीमागून जेवते. कुणी तिला मारत नाही. कुणी तिच्याकडे बघतही नाही, हेही खरं.

'आई'चं तुला सांगते. जुळी दिवसभर आई-आई करतात. त्या घरात मी तीन दिवस आहे, मीच काल तुझ्या जावेला आई म्हणून हाक मारली. तू फाटकाशी उभी राहून जे ऐकलंस त्यावर तीन वर्षं काढलीस. गुडघा फुटलेलं पोर कुणाच्याही खांद्याला चिकटतं.

आता पुढचं सावकाश वाच.

काल दुपारी सगळी निजली होती. मी डोळे मिटून पडले होते, स्वप्नात टेबलावरची मुलं येतील म्हणून वाट बघत. डोळे उघडले तर खिडकीत भिंगरी. खिडकीच्या वरच्या गजाला दोन्ही हातांनी लोंबकळत होती. पाय जमिनीपासून वर. चेहरा लाल झालेला, ओठ गच्च दाबलेले, आणि मनात आकडे मोजत असावी. मला वाटलं खेळतेय. खाली उतरल्यावर तळहात बघितले, तर तिथे घट्टे आहेत. रोजचं दिसतंय.

मी म्हटलं, "काय गं, हे काय चाललंय?"

ती म्हणाली, "लांब होतेय."

"कशाला?"

"आई म्हणाली होती, मोठी झालीस की न्यायला येईन." मग माझ्या अगदी जवळ आली, जावेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही कपडे कापता ना, काका सांगत होते. मग तुम्हाला माहीत असेल. किती इंच झाले की नेतात?"

मी तिचे तळहात माझ्या हातांत घेतले. इतकी मापं घेतली आयुष्यात, हे एक राहिलं.

तिचा आवाज जरा घोगरा आहे. तुला माहीत नव्हता म्हणून लिहिते.

मी तिला घेऊन येणार नाही. थोरला म्हणतो आजच न्या, जाऊ तिचे दोन कपडे घडी करून बसली आहे. पण मी आणली तर ती आत्याआजीनं आणलेली होईल. तू ये. मागे सरली तर सरली, तू हात पुढे कर. तू येईपर्यंत मी इथेच आहे, आणि थोरल्याच्या दोन्ही खुर्च्या अडवून बसले आहे, तेव्हा त्यांच्यासाठी तरी लवकर ये.

आत्या

२ एप्रिल

आत्याबाई,

वाकून नमस्कार. तुम्ही घरी पोचल्याचं कार्ड मिळालं. मापं पाठवायला उशीर झाला, त्याचं कारण सांगते.

तुम्ही फाटकाशी तिच्यामागे उभ्या होतात, म्हणून तुम्हाला तिचं तोंड दिसलं नसेल. मला पाहून ती हसलीही नाही, रडलीही नाही. फक्त चवड्यांवर उभी राहिली. हनुवटी वर, हात अंगाला चिकटलेले, जितकं ताणता येईल तितकं ताणून. मी वाकून तिला जवळ घेतलं तेव्हासुद्धा तिनं टाचा टेकल्या नाहीत. आत्याबाई, ते वाक्य मी बोलले होते हे मला आठवतही नव्हतं. तापात होते, तिला गाडीत बसवताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असेन. तिनं ते तीन वर्षं जपून ठेवलं.

परतीच्या वाटेवर ती बसच्या रांगेत तशीच उभी होती, चवड्यांवर. शिलाईघरात आली तीही तशीच. बाकीच्या जणींना वाटलं पायाला काही लागलंय. मी यादीबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, पहिल्या खोट्या मापापासून. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "पंधरा तारखेला मुलगी माझ्यासमोर उभी राहील ना? मग मागचं मी ऐकलेलं नाही. पण पुन्हा असं केलंत तर माझ्यासारखी वाईट बाई तुम्ही पाहिली नसेल."

पेटीतले फ्रॉक मी तिला दाखवले. मागच्या वर्षीचा घालून पाहिला तर तो तिला मोठा होतो. खांदे खाली घसरतात. त्याच्या मागच्या वर्षीचा बसतो. माझ्या मनातली भिंगरी चांगली जेवत होती, आत्याबाई. तिला मी काही कमी पडू दिलं नव्हतं. दुपारी आता डोकं टेकलं की खिडकीपाशी कुणी येत नाही. खरी येते, दप्तर आपटते, आणि घोगऱ्या आवाजात सांगते की बाकावर कुणी सरकून जागा दिली नाही. मी उठून बसते. तरी कधी कधी त्या दुसरीची आठवण येते आणि मग हिच्याकडे बघायची मला लाज वाटते. हे तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार?

मापं घ्यायला पहिल्या दिवशी तिला भिंतीशी उभं केलं तर तिनं टाचा उचलल्या. मी म्हटलं, "टेकव." ती म्हणाली, "मग कमी भरेल." मी टेप गुंडाळून ठेवला. रोज विचारायचं नाही असं ठरवलं. तिला सांगितलं की तू केवढीही असलीस तरी इथेच राहायचं आहे. तिनं मान हलवली, पण ते ऐकून घेतल्यासारखं, पटल्यासारखं नाही. पाच दिवस गेले, सहा गेले. जेवताना, नळाशी, रांगेत, ती आपली चवड्यांवर. तुमचं कापड तिकडे वाट बघतंय हे कळत होतं, पण मी थांबले.

आज सकाळी ती भिंतीला टेकून वेणी सोडत होती. कुणी बघतंय हे तिला माहीत नव्हतं. केसांत गुंता होता, त्याच्याशी ती भांडत होती, आणि तिच्या दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. मी हाक मारली नाही. तिच्या डोक्याशी भिंतीवर बोट ठेवलं आणि ती निघून गेल्यावर तिथून खाली टेप सोडला.

उंची सेहेचाळीस इंच. मी लिहिली होती त्यापेक्षा साडेतीन इंच कमी. एवढीच आहे ती. या मापानं कापा.

तुमची

सूनबाई